ऑइल सील बदलूनही गिअरबॉक्समधून तेल गळत राहते, तेव्हा

गिअरबॉक्समधून तेल गळते अशी तक्रार घेऊन गाडी गॅरेजमध्ये गेली की बहुतेक वेळा ड्राइव्ह शाफ्टचे (गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे) ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारे रबरी कडे, बदलले जाते. काही आठवडे पार्किंगची फरशी कोरडी राहते आणि मग त्याच जागी पुन्हा तेलाचे ठिपके दिसू लागतात. सील हलक्या प्रतीचे होते असे मालकाला वाटते, या वेळी कंपनीचेच सील टाकू असे मेकॅनिक सांगतो, आणि तेच काम दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा होते. अशा वारंवार गळणाऱ्या गाड्यांमध्ये मूळ दोष सीलमध्ये फार कमी वेळा असतो. तेल जेथून बाहेर पडते ती जागा सापडली म्हणजे तेल का बाहेर पडते हे समजले असे होत नाही, आणि या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर न शोधता केलेली दुरुस्ती टिकत नाही. पुढील विवेचन मुख्यतः आपल्याकडे सर्वाधिक दिसणाऱ्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आणि हाताने गिअर बदलाव्या लागणाऱ्या गाड्यांविषयी आहे. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर यंत्रणेने आपोआप हलणारा), ऑटोमॅटिक आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचा विचार ओघाने पुढे येईल.

तेल गिअरबॉक्सचेच आहे का?

गाडीखाली दिसणारा प्रत्येक ओलावा गिअर ऑइलचा नसतो. एसीचे पाणी स्वच्छ असते आणि बोटाला तेलकट लागत नाही. कूलंटला हिरवा, गुलाबी किंवा निळसर रंग आणि किंचित गोडसर वास असतो. इंजिन ऑइल नवे असताना मधाच्या रंगाचे आणि वापरानंतर काळपट होते. गिअर ऑइल त्याहून घट्ट वाटते, आणि त्यात गिअरच्या दात्यांच्या संरक्षणासाठी गंधकयुक्त रसायने मिसळलेली असल्यामुळे त्याला एक उग्र, नाकात बसणारा वास येतो. रंगावरून फसगत होऊ शकते, पण हा वास एकदा ओळखीचा झाला की सहसा चुकत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल बहुधा लाल असते, मात्र जुन्या गाड्यांच्या हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमध्येही अनेकदा तेच लाल तेल असते, म्हणून केवळ लाल रंग पाहून निष्कर्ष काढू नये.

दोन ओलावे विशेष फसवे आहेत. ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या, जॉइंटचा रबरी बूट फाटला की आतले काळे ग्रीस गरम होऊन पातळ होते, चाकाच्या फिरण्याने सगळीकडे उडते आणि गिअरबॉक्सच्या कडेला चिकटते. ते पाहून चांगले सील बदलले जाते आणि फाटलेला बूट तसाच राहतो. दुसरा ओलावा हायड्रॉलिक क्लचच्या द्रवाचा असतो. हा द्रव म्हणजे ब्रेक फ्लुइडच असून फिकट व पाण्यासारखा पातळ असतो. काही गाड्यांत क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या दाबाने क्लच हलवणारा भाग) बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन व गिअरबॉक्समधल्या क्लच झाकणाऱ्या कवचाच्या, आत बसवलेला असल्याने त्याची गळती नेमकी इंजिन व गिअरबॉक्सच्या जोडाखालून टपकते. क्लचच्या द्रवाची पातळी खाली जात असेल आणि पेडल मऊ पडले असेल, तर गिअरबॉक्स उतरवण्याआधी संशय तिकडे न्यावा.

उगम शोधण्याची पद्धत

गाडी धावत असताना समोरून येणारा वारा तेलाला मागे ढकलतो आणि गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढते, त्यामुळे थेंब जेथून पडतो ती जागा उगमापासून बरीच दूर असू शकते. तेलाने माखलेल्या केसिंगकडे (गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कवचाकडे) पाहून उगम सांगणे म्हणूनच धोक्याचे आहे. आधी संपूर्ण गिअरबॉक्स डिग्रीझरने किंवा डिझेल व ब्रशने स्वच्छ करावा, पाणी मारायचे झाल्यास ब्रीदर (गिअरबॉक्समधली हवा ये-जा करण्याची वाट) आणि विजेचे कनेक्टर झाकून घ्यावेत, आणि केसिंग पूर्ण कोरडे करावे. त्यानंतर संशयित जागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरून गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवावी आणि लगेच खालून पाहावे. पावडरीवर तेलाची ओली रेघ स्पष्ट उमटते. शोधायची असते ती सर्वांत उंचावरची आणि सर्वांत पुढची ओली जागा, कारण तिच्या खालचे आणि मागचे सगळे ओघळ तिचेच असू शकतात.

कोकणात आणि गोव्यात ही तपासणी अधिकच काळजीने करावी लागते, कारण जांभ्याची तांबडी माती तेलावर बसून तिचा जाड थर तयार होतो आणि त्याखाली काहीच दिसत नाही. मात्र तोच थर खरवडण्यापूर्वी नीट पाहिला तर उपयोगी पडतो. जेथे माती कोरडी आणि फिकट आहे तेथे तेल पोहोचलेले नाही, जेथे ती गडद आणि चिकट आहे तेथे गळती जुनी आहे, आणि जेथे माती धुऊन जाऊन धातू चमकतो आहे तेथे तेल आजही वाहते आहे. गळती इतकी बारीक असेल की पावडरीनेही कळत नाही, तर तेलात मिसळायचा चमकणारा डाय आणि अतिनील प्रकाशाची टॉर्च वापरावी. चांगल्या गॅरेजमध्ये ही साधने एसीची गळती शोधण्यासाठी ठेवलेलीच असतात. मात्र गिअर ऑइलसाठी तेलात मिसळणारा डाय वेगळा घ्यावा.

ड्राइव्ह शाफ्टचे सील पुन्हा पुन्हा का गळते?

ऑइल सील म्हणजे धातूच्या कड्यावर बसवलेले रबर, त्याची आतली पातळ ओठासारखी कड आणि त्या कडेला शाफ्टवर आवळून धरणारी बारीक गोल स्प्रिंग. ही कड शाफ्टच्या गुळगुळीत पृष्ठभागावर तेलाच्या अतिशय पातळ थरावर सरकत राहते. कड निबर झाली, चिरली किंवा स्प्रिंग निसटली तर सील गळते आणि नवे सील टाकल्यावर गळती थांबते. नायट्राइल रबराची सील सतत 100 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानापर्यंत चांगली टिकतात, त्यापुढे ती कडक होत जातात. म्हणून भरपूर चाललेल्या गाडीत सील वयोमानाने जाणे स्वाभाविक आहे. आपला प्रश्न नवे सील लवकर गळण्याचा आहे.

पहिले आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे शाफ्टवर पडलेली खाच. सील जेथे टेकते तेथे धूळ आणि वर्षानुवर्षांचे घर्षण यांमुळे शाफ्टवर एक बारीक चर पडतो. शाफ्ट बाहेर काढल्यावर तो भाग कापडाने पुसून त्यावरून बोटाचे नख लांबीच्या दिशेने सावकाश फिरवावे. नुसती चमकदार पट्टी दिसली आणि नख सरळ पुढे गेले तर हरकत नाही, पण नख अडकले तर तेथे खाच आहे आणि कितीही महाग सील टाकले तरी त्याची कड त्या खाचेवर नीट टेकणार नाही. अशा वेळी केसिंगची रचना परवानगी देत असेल तर सील एक-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवून त्याची कड शाफ्टच्या न झिजलेल्या भागावर आणता येते. ते शक्य नसेल तर शाफ्टवर पातळ स्टीलची रिपेअर स्लीव्ह चढवावी, अन्यथा आतला जॉइंट बदलावा. खाच घालवण्यासाठी एमरी पेपर तिरपा किंवा लांबीच्या दिशेने घासणे फार घातक आहे, कारण त्या ओरखड्यांच्या वाटेने शाफ्ट फिरताना तेल बाहेर ओढले जाते.

दुसरे कारण बसवण्याच्या पद्धतीत असते. लोअर आर्म, बूट किंवा क्लचचे काम झाल्यानंतर दोन-चार आठवड्यांतच गळती सुरू झाली असेल, तर शाफ्ट परत घालताना त्याच्या स्प्लाइनच्या (टोकावरील लांबट दात्यांच्या) धारदार कडेने सीलची कड कापली गेल्याची शक्यता मोठी असते. शाफ्ट तिरपा न धरता सरळ रेषेत आत जायला हवा आणि सीलच्या कडेला आधी गिअर ऑइल किंवा ग्रीस लावलेले असावे. सील कोरडे बसवले तर तेल पोहोचेपर्यंतच्या पहिल्या काही फेऱ्यांतच त्याची कड करपते. सील हातोडीने एकेका बाजूने ठोकून बसवले तर ते वाकडे बसते. त्यासाठी सीलच्या बाहेरच्या कड्याएवढ्या व्यासाचा सॉकेट किंवा पाइपचा तुकडा वापरून ते चहूबाजूंनी सारखे आत ढकलावे लागते. जुने सील स्क्रू-ड्रायव्हरने उचकटताना केसिंगच्या आतल्या भिंतीवर ओरखडा पडला, तर तेल नव्या सीलच्या बाहेरच्या बाजूने येते आणि दोष मात्र सीलच्या कडेवर जातो. शिवाय अनेक गाड्यांत डावे आणि उजवे सील वेगळे असते. काहींच्या पाठीवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो, कारण त्यांच्या कडेवरील तिरप्या रेषा तेलाला आत परत ढकलतात. अशी सीले अदलाबदल होऊन बसली तर त्याच रेषा तेल बाहेर ढकलू लागतात.

तिसरे कारण आणखी आत असते. डिफरन्शियलचे (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसंचाचे) बेअरिंग झिजले असेल तर शाफ्ट आपल्या मध्यरेषेवर फिरत नाही, किंचित डगमगत फिरतो, आणि सीलची कड त्याच्याबरोबर फार काळ हलू शकत नाही. जॉइंट हातात धरून वर-खाली हलवून पाहावा आणि दुसऱ्या बाजूच्या जॉइंटशी तुलना करावी. थोडी ढिलाई काही गाड्यांत मूळचीच असते, म्हणून तुलना महत्त्वाची. एका बाजूला खेळ स्पष्टपणे जास्त असेल आणि धावताना गाडीच्या वेगाबरोबर वाढणारी घरघर ऐकू येत असेल, तर सीलवर खर्च करण्यात अर्थ नाही; बेअरिंगचे काम आधी करावे लागेल.

ब्रीदर

सील बदलले, शाफ्ट गुळगुळीत आहे, बेअरिंगही घट्ट आहे आणि तरीही गळती परत आली, किंवा एकाच वेळी दोन-तीन ठिकाणांहून तेल पाझरू लागले, तर ब्रीदर पाहावाच. गिअरबॉक्सच्या माथ्यावर एक छोटी टोपी किंवा रबरी नळी असते. तिचे काम एवढेच की आतली हवा तापून प्रसरण पावली की बाहेर जावी आणि थंड झाल्यावर परत आत यावी. चिखल, धूळ आणि तेलाची पुटे यांनी ती बुजली की गिअरबॉक्स बंद डबा होतो. 30 अंशांवर बंद झालेली हवा 90 अंशांपर्यंत तापली तर तिचा दाब सुमारे 20 टक्क्यांनी वाढतो. त्यात भर म्हणजे 2 लिटर तेल तेवढेच तापल्यावर अंदाजे 80 मिलिलिटरने फुगते आणि हवेची जागा आणखी कमी करते. धडधाकट सील हा दाब सहन करते, पण थोडीशी झिजलेली कड करत नाही, आणि तेल सर्वांत कमकुवत जागेतून बाहेर पडते. ती जागा दुरुस्त केली की पुढची कमकुवत जागा गळू लागते. मालकाला वाटते की गिअरबॉक्सच संपला.

घाटात सातत्याने खालच्या गिअरवर चालवलेल्या गाडीत हा दोष लवकर उघड होतो, कारण तेथे तेल अधिक तापते. लांबच्या चढानंतर गळती वाढते आणि शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ती जवळजवळ थांबते, असा अनुभव असेल तर ब्रीदरवरचा संशय बळावतो. टोपी काढून, पेट्रोलने किंवा कार्ब क्लीनरने धुऊन, हवा दोन्ही दिशांनी सहज जाते का ते पाहावे. काम पाच मिनिटांचे आहे आणि त्याला सुटा भाग बहुधा लागतच नाही. सील बदलण्याआधी ते का केले जात नाही याचे मला नेहमी वाईट वाटते.

ब्रीदर उघडा असला तरी पावसाळ्यात वेगळा धोका असतो. तुंबलेल्या पाण्यात गरम गिअरबॉक्स बुडाला की आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदरमधून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. असे तेल दुधाच्या चहासारखे दिसते. चाकाच्या निम्म्या उंचीपर्यंत पाण्यातून गाडी काढावी लागली असेल, तर गळती दिसत नसली तरी आठवड्याभरात तेल तपासावे, कारण पाणी मिसळलेल्या तेलाने बेअरिंगवर गंज चढतो आणि त्यातूनच पुढे सीलची गळती सुरू होते.

तेल जास्त भरल्यानेही ब्रीदरमधून ते बाहेर फेकले जाते आणि केसिंगच्या माथ्यावरून ओघळून सीलची गळती असल्याचा भास होतो. बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तेलाची पातळी भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत असावी लागते, तीही गाडी चारही चाकांवर समपातळीत असताना. फक्त पुढचा भाग जॅकवर उचलून भरलेले तेल कमी-जास्त होणारच.

माथ्यावरच्या छोट्या जागा

वेगाचा सेन्सर, रिव्हर्स दिव्याचा स्विच आणि गिअर सिलेक्टर शाफ्ट (गिअर बदलणारा दांडा) हे भाग केसिंगच्या वरच्या बाजूला असतात. त्यांच्या ओ-रिंग (गोल रबरी कडे) किंवा सीलमधून आलेले तेल उतरत उतरत नेमके ड्राइव्ह शाफ्टपाशी येऊन टपकते. तीन वेळा सील बदलूनही न थांबलेली गळती अखेर काही रुपयांच्या ओ-रिंगने थांबल्याची उदाहरणे कोणत्याही अनुभवी मेकॅनिककडे असतात. सिलेक्टर शाफ्टवरची धूळ रोखणारी रबरी टोपी फाटलेली असेल तर शाफ्टवर गंजाचे खड्डे पडतात, आणि प्रत्येक गिअर बदलताना ते खड्डे सीलच्या कडेला कुरतडतात. अशा वेळी सीलबरोबर टोपीही बदलावी आणि गंज किती खोल आहे हे पाहावे.

बेल हाउसिंगमधून येणारे तेल

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडाखालून तेल येत असेल तर दोन सीलवर संशय जातो. एक इंजिनच्या क्रँकशाफ्टचे मागचे सील आणि दुसरे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे, म्हणजे क्लचकडून ताकद आत घेणाऱ्या दांड्याचे. वास आणि रंग यांवरून ते कोणते हे बहुतेक वेळा आधीच ठरवता येते. तेल क्लच प्लेटपर्यंत पोहोचले तर क्लच घसरतो किंवा गाडी सुटताना थरथरते, आणि तेल प्यायलेली प्लेट धुऊन पुन्हा वापरता येत नाही. या कामात खर्च मुख्यतः गिअरबॉक्स उतरवण्याचा असतो. तो एकदा खाली आला की दोन्ही सील, रिलीज बेअरिंग आणि प्लेटची जाडी एकत्रच पाहून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

ड्रेन बोल्ट, केसिंगचे जोड आणि तडे

तेल बदलल्यानंतर लगेच सुरू झालेली गळती बहुधा ड्रेन बोल्टची असते. त्याखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर एकदा दाबला गेला की दुसऱ्यांदा नीट बसत नाही, म्हणून तो प्रत्येक वेळी नवा घालावा. गळती थांबावी म्हणून बोल्ट अधिकाधिक आवळला तर ॲल्युमिनियमच्या केसिंगचे आटे जातात, आणि मग त्यात स्टीलचे नवे आटे बसवावे लागतात. येथे एक सूचना आवर्जून द्यावीशी वाटते: तेल काढण्याआधी भरण्याचा बोल्ट उघडतो याची खात्री करून घ्यावी, कारण तेल काढून झाल्यावर तो गंजून बसल्याचे कळले तर गाडी तेथेच अडकते.

केसिंगच्या दोन भागांमध्ये अनेक गाड्यांत पॅकिंग नसते, सीलंटची पातळ रेघ असते. ती जास्त लावली तर उरलेला सीलंट आत पडून तेलाच्या वाटा बुजवतो. गतिरोधकावर किंवा दगडावर आपटून तडा गेला असेल तर बाहेरून लावलेला इपॉक्सी गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरताच समजावा.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या शेपटीचे सील, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जेथे आत जातो ते, आणि डिफरन्शियलच्या पिनियनचे (प्रोपेलर शाफ्टची ताकद आत घेणाऱ्या गिअरचे) सील ही नेहमीची ठिकाणे आहेत. पिनियनचे सील बदलताना मधला नट अंदाजाने आवळला तर बेअरिंगवरचा ताण बदलतो आणि काही दिवसांत डिफरन्शियल आवाज करू लागते. हे काम ज्याला तो नट किती आवळायचा हे माहीत आहे त्याच्याकडूनच करून घ्यावे.

एएमटी आणि ऑटोमॅटिक

आपल्याकडे मारुती सुझुकीच्या सेलेरिओबरोबर 2014 मध्ये एएमटी गाड्या सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचल्या. त्यांचा गिअरबॉक्स आतून मॅन्युअलच असल्याने वरील सर्व कारणे त्यांनाही लागू होतात. मात्र अशा अनेक गाड्यांमध्ये क्लच आणि गिअर हलवणाऱ्या यंत्रणेचे हायड्रॉलिक तेल वेगळे असते आणि त्याची टाकीही वेगळी असते. त्याची गळती गिअरबॉक्सची समजून चुकीच्या जागी सील बदलले जाते.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी या प्रकारांत तळाच्या पॅनचे पॅकिंग, कूलरकडे जाणाऱ्या नळ्या व त्यांचे जोड, आणि टॉर्क कन्व्हर्टरचे सील ही ठिकाणे पाहावीत. नळ्यांमधून तेल दाबाखाली वाहत असल्यामुळे तेथील गळती लवकर वाढते, म्हणून ती दिसल्यावर गाडी चालवत राहू नये. पातळी तपासण्याची पद्धत प्रत्येक गिअरबॉक्सची निराळी असते आणि अनेकांना डिपस्टिकच नसते. ठरावीक तापमानाला, इंजिन चालू ठेवून, बाजूच्या बोल्टमधून ती पाहावी लागते. सीव्हीटीचे तेल आणि साधे ऑटोमॅटिक तेल एकमेकांच्या जागी चालत नाही.

किती गळती चालवून घ्यावी?

रात्रभरात वीस थेंब पडत असतील तर ते अर्धा ते एक मिलिलिटर होते, म्हणजे वर्षाला सुमारे 180 ते 365 मिलिलिटर. पण गाडी धावत असताना तेल गरम व पातळ असल्याने गळती उभ्या गाडीपेक्षा जास्त असते, आणि मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये मुळात 2 लिटरच्या आसपासच तेल असते. अनेक गाड्यांत पाचवा गिअर केसिंगच्या टोकाला, वेगळ्या झाकणाखाली असतो; तेल कमी झाले की सर्वांत आधी तोच उपाशी राहतो. महामार्गावर पाचव्या गिअरमध्येच शिट्टीसारखा आवाज येऊ लागला तर गाडी तेथूनच पुढे न नेणे शहाणपणाचे आहे. तेल केवळ ओलसर दिसत असेल आणि थेंब पडत नसेल, तर दर महिन्याला पातळी पाहून काही काळ काढता येतो. रबर फुगवून गळती थांबवणारी बाजारातली रसायने निबर झालेल्या सीलला थोडे दिवस तारतात. शाफ्टची खाच, ढिले बेअरिंग किंवा बुजलेला ब्रीदर यांवर त्यांचा काही उपयोग होत नाही.

भरण्याचे तेल गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच घ्यावे. पुस्तिकेत जीएल-4 लिहिलेले असताना अधिक चांगले म्हणून जीएल-5 भरले, तर त्यातील जास्त प्रमाणातली गंधकयुक्त रसायने गिअर सहज बसवणाऱ्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना अपाय करू शकतात, आणि गळती थांबली तरी गिअर अडखळू लागतात.

दुरुस्तीनंतर गाडी परत घेताना केसिंग बाहेरून स्वच्छ पुसून मागावे आणि बदललेले जुने सील पाहायला मागावे. त्याची कड एकाच ठिकाणी कापलेली आहे, सगळीकडून सारखी झिजलेली आहे, की मऊ व शाबूत आहे हे पाहून पुष्कळ कळते. कड शाबूत असेल तर तेल तिच्यामुळे गळत नव्हते, आणि गॅरेजमधून निघण्यापूर्वीच ब्रीदर, शाफ्टचा पृष्ठभाग आणि बेअरिंगचा खेळ तपासला का, हे विचारावे. त्यानंतर 500 किलोमीटरच्या आसपास एकदा खालून पाहून तेलाची पातळी तपासून घ्यावी. खाली शिरताना गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवावी.